चढावरची अकरा दारं

घोडा पडला सकाळी, आणि दुपारचे बारा वाजायच्या आत सगळं घर बेकरीत गोळा झालं. माणूस पडलं असतं तर इतक्या लगबगीने आले नसते, हे आईने येणाऱ्या प्रत्येकाला दारातच ऐकवलं.

लेक सासरहून दोन बस बदलून आली होती. थोरला आपली व्हॅन अर्ध्या फेरीतून वळवून आला होता. थोरली सून तर इथलीच, पाव मोजून पेट्या भरायचं काम तिच्याकडे. आणि ज्याच्या हातात लगाम होता तो धाकटा पीठ मळायच्या टेबलाच्या पायाला पाठ टेकून जमिनीवर बसला होता. पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली, आतून खरचटलेलं दिसत होतं. चाळिशीला आलेला बाप्या, पण बसला होता शाळेतून मार खाऊन आल्यासारखा.

टेबलावर सकाळचं पीठ ओल्या फडक्याखाली तसंच राहिलं होतं. फुगून फुगून ते फडक्यासकट वर आलं होतं. एरवी एवढं पीठ वाया जातंय म्हटल्यावर आईने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिने तिकडे पाहिलंही नाही, आणि त्यावरूनच सगळ्यांना कळलं की आज जपून बोलायला हवं.

"नीट सांग एकदा," थोरला म्हणाला. "घसरला की बसला?"

"बसला," धाकटा म्हणाला. "चढावर, शिंप्याच्या दुकानाच्या जरा खाली. मागचे पाय दुमडले आणि बसला. गाडीवरच्या पेट्या कलंडल्या. पाव सगळे उतारावरून खाली."

"रस्ता ओला असेल," आई म्हणाली.

"कोरडा होता."

"मग नाल सैल झाला असेल."

"परवाच नवे मारलेत, आई."

"मग तुझा डोळा लागला असेल!"

"हो," धाकटा म्हणाला. "माझाच डोळा लागला असेल."

वाद न घालता कबूल करणारा माणूस आईला कधीच आवडला नाही. तिने तोंड फिरवलं आणि मागच्या दाराने तबेल्यात गेली. तिच्यामागे एकेक करून सगळे.

तबेला भट्टीच्या मागच्या भिंतीला लागून होता. भट्टी पेटली की ती भिंत ऊबदार व्हायची, आणि गेली दोन-तीन वर्षं घोडा त्या भिंतीला मागचे पाय लावूनच उभा राहायचा. आई म्हणायची, शहाणा आहे, फुकटची ऊब सोडत नाही. आत्ताही तो तसाच उभा होता, मान खाली, गुडघ्यांना माती. नाव त्याचं कोळसा आणि अंगाने पांढराफटक. आला तेव्हा खरोखरच काळपट होता, धुरकट राखी. असे घोडे वयाबरोबर पांढरे होत जातात, हे नाव ठेवणाऱ्याला, म्हणजे आईच्या नवऱ्याला, ठाऊक नव्हतं. कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात. आमचा मात्र पांढरा निघाला, हा विनोद घरात इतक्यांदा झाला होता की आता कोणी हसत नसे, पण कोणी नवखा आला की सांगायचा मात्र राहत नसे.

जनावरांचा डॉक्टर वाकून घोड्याच्या पायावरून हात फिरवत होता. लहानपणी तो इथेच पाव न्यायला यायचा, म्हणून आई त्याला अरे-तुरे करायची आणि तो तिला काकू म्हणायचा. त्याने घोड्याचा वरचा ओठ उचलला, दात बघितले, आणि बघतच राहिला.

"वय काय म्हणालात, काकू?"

"अठरा."

"मी दवाखाना टाकला तेव्हाही तुम्ही अठराच सांगितलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली."

"मग? तब्येत राखून आहे तो."

लेकीला हसू आवरेना. "आई, तो आला तेव्हा मी तिसरीत होते. चार वर्षांचा होता, बाबांनी सांगितलेलं मला आठवतंय. मी आता बत्तिशीची आहे."

"मोठी आली गणित करणारी! तिसरीत गणितातच नापास झाली होतीस."

"अठ्ठावीस," डॉक्टर म्हणाला. त्याने ओठ अलगद सोडला आणि घोड्याच्या गालावर थोपटलं. "शाब्बास म्हाताऱ्या."

"म्हातारा कोणाला म्हणतोस?"

नळी कानाला लावून डॉक्टर घोड्याच्या पुढच्या पायामागे बराच वेळ ऐकत राहिला. घोड्याने एकदा शेपटी हलवली, ती डॉक्टरच्या तोंडावर बसली, तरी तो हलला नाही. मग त्याने नळी काढली आणि गळ्यात अडकवली.

"पाय चांगले आहेत. मोडलंबिडलं काही नाही. पण छातीत आवाज येतोय. हृदय थकलंय त्याचं. सपाटीवर चालून जाईल, चढाला ओझं ओढायला लागलं की पुरं पडत नाही."

"चार दिवस विश्रांती देऊ," आई म्हणाली.

"काकू, चार दिवसांचं नाही हे. आजपासून गाडी बंद. रोज मोकळं फिरवा, चंदी भिजवून द्या, दात झिजलेत त्याचे. नीट सांभाळलंत तर दोन वर्षं काढेल, कदाचित तीन. गाडीला जुंपलात तर मी काही सांगू शकत नाही." त्याने घोड्याच्या मानेवर हात ठेवला. "घोड्यांचं असंच असतं. चल म्हटलं की चालतो. जमत नाही हे काही त्याला सांगता येत नाही. पडतो तेव्हाच आपल्याला कळतं."

"तुला चार बुकं शिकून कळलं, मला चोवीस वर्षं त्याचा खरारा करून कळत नाही होय?" आई म्हणाली. "गेल्या वर्षभरात या घोड्याने अकरा नवी दारं मिळवून दिलीत आम्हाला. अकरा! म्हातारं जनावर असं करतं? विचार या धाकट्याला."

डॉक्टरने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने नळ सोडला आणि हात धुवायला लागला, हात स्वच्छच होते तरी.

*

अकरा दारांची गोष्ट सगळ्या बाजारात माहीत होती, कारण आईनेच ती सांगितली होती. कोळसा गिऱ्हाईक हुंगतो, असं तिचं म्हणणं. ठरलेली दारं तर त्याला पाठ होतीच, लगाम न ओढता तो बरोबर तिथे थांबायचा. पण गेल्या वर्षापासून तो नव्या दारांसमोर आपणहून थांबू लागला. धाकट्याने उतरून कडी वाजवायची, पाव दाखवायचा, आणि बहुतेक वेळा आतल्या माणसाने उद्यापासून देत जा म्हणायचं. दाराशी आलेल्या पांढऱ्या घोड्याला नाही कोण म्हणणार! थोरल्याच्या व्हॅनने वर्षात एकही नवं दार मिळवलं नव्हतं, आणि हे आई त्याला जेवताना आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायची.

डॉक्टर गेल्यावर सगळे पुन्हा टेबलाभोवती आले. सुनेने चहा केला. कोणी प्यायलं नाही.

"माझं ऐकून घ्या," थोरला म्हणाला. तो नेहमी असंच सुरू करायचा. "गावाबाहेर माझ्या ओळखीचा एक रोपवाटिकेवाला आहे. पाच एकर गवत, कुंपण घातलेलं, वर पत्र्याची शेड. त्याच्याकडे आधीच दोन म्हातारे घोडे आहेत. मी सकाळीच फोन केला त्याला. पाठवा म्हणाला."

"घोड्यांचा वृद्धाश्रम काढलाय का त्याने?"

"आई, गवत आहे तिथे. इथे फरशी आहे."

"घोडा पडून तास झाला नाही तोवर तुझा फोन झालासुद्धा! स्वतःचं घोडं दामटायची फार घाई तुला."

"मला पटतंय दादाचं," लेक म्हणाली. ती टेबलाच्या कडेचं वाळलेलं पीठ नखाने खरवडत होती. "त्याच्या पाठीवर बसून शाळेत गेले मी. इथे रोज थोडा थोडा जाताना नाही बघवणार मला."

"तू रोज असतेस कुठे इथे बघायला? वर्षातून दोनदा येतेस. तुला बघवत नाही म्हणून त्याने घर सोडायचं?"

लेकीचे डोळे भरून आले. आईला ते दिसलं आणि वाईटही वाटलं, पण तिची जीभ अशी होती की एकदा उताराला लागली की तिला ब्रेक नव्हता.

"कुठे पाठवायचा नाही," धाकटा खालूनच म्हणाला. "इथेच राहील. मी बघेन त्याचं."

"बघ, एकाला तरी अक्कल आहे," आई म्हणाली. "चार दिवस विश्रांती, मग हळूहळू गाडी."

"गाडी नाही, आई."

"काय?"

"इथे राहील. पण गाडी नाही ओढणार."

थोरल्याने चमकून धाकट्याकडे पाहिलं. दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं या खोलीत फारसं कोणी पाहिलं नव्हतं. थोरला खुर्ची सोडून धाकट्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आईने दोघांना असं एका बाजूला उभं पाहिलं. अगदी असेच उभे होते दोघं, सहा वर्षांपूर्वी. याच टेबलापाशी.

"कळलं मला," ती म्हणाली. आवाज एकदम हळू झाला होता. "तुमच्या बाबांनाही असंच बसवलंत. 'बाबा, आता भट्टीकडे जायचं नाही. बाबा, आता आराम करा.' केला त्यांनी आराम. आठ महिने खिडकीत बसून आराम केला, आणि गेले. हाताला काम होतं तोवर त्यांना काही झालं नव्हतं. आता या मुक्या जनावराला बसवा. हातातलं काम काढून घेतलं की माणूस मरतं. घोडाही मरतो."

म्हणजे हे होतं. इतका वेळ नाल, रस्ता, विश्रांती, सगळं बोलून झालं होतं, आणि आत हे होतं.

"बाबांची छाती पिठाने भरली होती, आई," थोरला म्हणाला. "भट्टीवर राहिले असते तर आठ महिनेही मिळाले नसते."

"ते तू ठरवलंस."

"हो, मी ठरवलं! कोणीतरी ठरवायला हवं होतं. ते रात्रभर खोकायचे आणि सकाळी तू त्यांच्या हातात भट्टीचं फावडं द्यायचीस."

फडक्याखालच्या पिठातून एक बुडबुडा फुटला, तोसुद्धा ऐकू आला.

"दादा, बस आता," लेक म्हणाली. ती उठली, टेबलाला वळसा घालून आईच्या मागे गेली आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभी राहिली. इतका वेळ ती भावाच्या बाजूची होती; आता नव्हती. आईने ते हात झटकले नाहीत. धरलेही नाहीत. दगडासारखी बसून राहिली.

*

थोरली सून या घरात कमी बोलणारी म्हणून प्रसिद्ध होती. खरं तर बोलायला जागाच नसायची. घरात भूकंप झाला तरी संध्याकाळची गिऱ्हाइकं पाव मागणारच, म्हणून ती उठली, रिकाम्या पेट्या ओढल्या आणि सवयीने भिंतीकडे बघायला लागली.

ती भिंत म्हणजे आईचं दफ्तर. आई दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षरांशी तिचं कधी जमलं नाही, म्हणून तिने भट्टीतल्या कोळशाने भिंतीवर चित्रं काढली होती. प्रत्येक दाराचं एक चित्र आणि त्याखाली जितके पाव तितक्या रेघा. कुलूपवाल्याची किल्ली. दोन मांजरं पाळणाऱ्या बाईचं मांजर. वकिलाचं नुसतं नाक, पण ते बघून वकील ओळखू येत असे. बाजाराची एक ओळ, नदीकडच्या रस्त्याची एक ओळ, चढाची एक ओळ.

सून पेटी भरता भरता थांबली.

"आई," ती म्हणाली. "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागवायला आता काय उरलंय? विचार."

"ही अकरा नवी दारं. सगळी चढावरचीच कशी?"

आईने मान वर केली.

"बाजाराची ओळ होती तेवढीच आहे," सून म्हणाली. "नदीकडचीही तेवढीच. चढाची एकटीच वाढत वाढत दारापर्यंत आलीय. रोज याच भिंतीवरून पेट्या भरते मी, पण आज लक्षात आलं. घोडा गिऱ्हाईक हुंगत असेल, तर त्याला सपाटीवरचं गिऱ्हाईक का नाही हुंगता येत?"

आई उठली. भिंतीपाशी गेली. तिची स्वतःची चित्रं, स्वतःच्या हातची. पहिलं नवं चित्र होतं चष्म्याचं, ते मास्तरणीचं घर, चढ संपतो तिथलं. नंतर पिंजऱ्यातला पोपट. ते त्याच्या दोन घरं खाली. मग छत्री. मग पाळणा, नवं मूल झालेलं घर, चढाच्या मध्यावर. आई एकेका चित्रावर बोट ठेवत पुढे सरकत होती, आणि मनातल्या मनात रस्ता खाली उतरत होती. बूट दुरुस्त करणारा, त्याच्याही खाली. शेवटची कात्री शिंप्याची, चढ सुरू होऊन जेमतेम पन्नास पावलं होतात तिथली. ती तिने गेल्याच महिन्यात काढली होती. काढताना गाणं गुणगुणत होती, हेही तिला आठवलं.

"धाकट्या," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "तो तिथे का थांबायचा?"

वर्षभर धाकट्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा कोळसा मास्तरणीच्या दारासमोर थांबला तेव्हा त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. भररस्त्यात नुसतं उभं कसं राहायचं, लोक काय म्हणतील, म्हणून धाकटा उतरला आणि समोरची कडी वाजवली. मास्तरणीने चार पाव घेतले. घरी येऊन सांगितलं तर आईला इतका आनंद झाला की तिने घोड्याला आणि धाकट्याला, दोघांनाही गूळ दिला. त्यानंतर खरं सांगणं जमलंच नाही. दुसऱ्या दाराला जमलं नाही, मग पाचव्याला कसं जमणार?

"दम लागायचा त्याला," धाकटा म्हणाला. "मी कडी वाजवून, बोलून, पाव देऊन येईपर्यंत त्याचा श्वास खाली बसायचा. ज्या दिवशी जास्त दम लागलेला असायचा त्या दिवशी मी जास्त बोलायचो. मास्तरणीला मी तिच्या तिन्ही बहिणींची खुशाली विचारायचो."

"आणि मला वाटायचं, तिच्यात जीव गुंतलाय तुझा," लेक म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. थोरलाही हसला. धाकटा कानापर्यंत लाल झाला, म्हणजे तेही अगदीच खोटं नसावं.

"मला का नाही सांगितलंस?" आईने विचारलं.

"सांगितलं असतं तर दादाने पाठवून दिला असता, नाहीतर तू सोंग करतो म्हणाली असतीस त्याला."

आई म्हणालीच असती. तिला तिचा स्वतःचा आवाज ऐकू आला तसं म्हणताना. तिने कात्रीवर बोट ठेवलं, बोटाला काळं लागलं.

"तो डॉक्टर म्हणाला, घोड्याला सांगता येत नाही," ती म्हणाली. "सांगत होता की. अकरा वेळा सांगितलं बिचाऱ्याने. प्रत्येक वेळी मीच त्याची फुशारकी मारत बाजारभर फिरले."

मग ती कोणाकडेही न बघता तबेल्यात निघून गेली, आणि या खेपेस कोणी मागे गेलं नाही.

*

घोड्याच्या पुढ्यात पालथी बादली ठेवून ती बसली होती. खरारा हातात होता, पण चालत नव्हता. कोळशाने मान खाली घालून तिच्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं. पदराला पिठाचा, साखरेचा वास असायचा. तरुणपणापासूनची ही त्याची खोड. या खोडीपायी तिने त्याला किती वेळा नाकावर चापट मारली असेल. आज तिने पदर तसाच राहू दिला.

"लुच्चा," ती म्हणाली. "स्वतः दम खात होतास, आणि नाव गिऱ्हाइकाचं."

तिने तळहात त्याच्या डोळ्याच्या वर ठेवला. तिथे खळगा पडला होता. डोळ्यांवरचे केस, तोंडाजवळची लव, सगळं विरळ झालं होतं. रोज तोंडावरून हात फिरवायची ती, आणि हे खळगे काही आज पडले नव्हते.

बऱ्याच वेळाने थोरला आला. हातात भिजवलेल्या चंदीची पाटी. त्याने ती घोड्यापुढे ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"फावड्याचं मी बोलायला नको होतं," तो म्हणाला.

"खरं होतं ते."

"तरी."

"खऱ्याची काय माफी मागायची? मोठ्याने बोललास, तेवढं चुकलं." ती थोडा वेळ घोड्याचं चावणं ऐकत राहिली. भिजलेली चंदी तो सावकाश, एका बाजूने चावत होता. "मला वाटायचं, मी फावडं द्यायचं थांबवलं तर त्यांना कळेल की मलाही कळलंय. म्हणून देत राहिले. त्यांनीही त्याचसाठी घेतलं असेल. दोघंही एकमेकांना फसवत होतो, दुसरं काय."

थोरला खाली बसला, तिच्या पायापाशी, इतकी वर्षं बसला नव्हता तसा. तिने त्याच्या डोक्यातला गवताचा तुकडा काढला.

"गवताकडे नको पाठवूस," ती म्हणाली. "पाच एकर असू दे नाहीतर पन्नास. तिथे त्याला भिंतीची ऊब कोण देणार?"

"नाही पाठवत."

"आणि चढाची फेरी उद्यापासून तुझ्या व्हॅनकडे. अकराच्या अकरा दारं धर. मास्तरणीकडे मात्र धाकट्यालाच पाठव, नाहीतर तीही जाईल आणि गिऱ्हाईकही."

थोरला हसला. ती हसली नाही; तिने तोंड घोड्याच्या मानेआड केलं, आणि थोरला शहाणा निघाला, त्याने तिकडे बघितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताना व्हॅन भरून गेली. दोन्ही मुलं तीत बसून गेली. लेक अजून झोपली होती, सून भट्टीपाशी होती. आईने तबेल्याचं दार उघडलं, गळ्यात नुसता दोर घातला आणि घोड्याला अंगणात आणलं. साज खुंटीवरच राहू दिला.

अंगणात रिकामी गाडी दांड्या टेकून उभी होती. कोळसा दोन पावलं पुढे आला, मग आपला आपण वळला आणि मागे मागे सरकत बरोबर दोन दांड्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. मान ताठ, कान पुढे. पट्टे कसायची वाट बघत.

आई जागच्या जागी थिजली. लोकांना नाही म्हणण्यात तिची हयात गेली होती. नवऱ्याला, मुलांना, उधार मागणाऱ्यांना, पाहुण्यांना. याला कसं म्हणायचं ते तिला येईना.

"आज नाही," ती म्हणाली.

त्याचे कान हलले. तो उभाच.

"उद्याही नाही. कळतंय का? झालं तुझं. पुष्कळ झालं."

ती त्याच्या पुढे गेली आणि दोर हलकेच ओढला. "चल."

हा शब्द त्याला कळला. चोवीस वर्षं ओझं हलवायला जसा तो आधी छाती पुढे टाकायचा, तशीच त्याने टाकली, सगळा जोर लावून. मागे काहीच नव्हतं. तो पुढे धडपडला, तिच्या अंगावर येता येता सावरला, आणि चारही पाय फाकून, चकित होऊन उभा राहिला. मान वळवून त्याने गाडीकडे पाहिलं. ती होती तिथेच होती.

"हलकं लागतंय ना?" आई म्हणाली. तिचा हात त्याच्या छातीवर होता, आणि छाती धडधडत होती. कोणाचं धडधडतंय ते तिला नीट कळेना. "लागेल सवय. हळूहळू लागेल."

त्याने एक पाऊल टाकलं, जपून, जमीन तपासत. मग दुसरं. फाटकातून बाहेर पडल्यावर तो डावीकडे, चढाच्या रस्त्याला वळला. तिने ओढलं नाही. ती थांबली, तोही थांबला आणि वर बघत राहिला. तिथे दूर, घरांच्या मधून व्हॅनचा आवाज येत होता. त्याचं बघून होईपर्यंत ती त्याच्या मानेला टेकून उभी राहिली. तिचेही गुडघे काही फार बरे नव्हते.

मग त्यानेच मान खाली घातली, आणि दोघं उजवीकडे, सपाटीच्या रस्त्याला लागले.

कोपऱ्यावरचा कुलूपवाला दुकान उघडत होता. शटर अर्ध्यावर धरून तो बघतच राहिला.

"काकू! आज घोडा गाडीशिवाय?"

आईने पाऊल थांबवलं नाही. मान मात्र नेहमीपेक्षा बोटभर उंच केली.

"गाडी म्हातारी झालीय," ती म्हणाली. "तिला घरी बसवली."